साताऱ्याएवढा देश आणि तिसरीतलं मूल

सातारा जिल्ह्याचं क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाचं ११,३०० च्या आसपास, आणि त्यातलं हजार-बाराशे नदीचं पाणीच. पाणी वजा केलं की जमीन आपल्या जिल्ह्यापेक्षा जरा कमीच भरते. माणसंही त्याच मापाची: साताऱ्यात २०११ च्या जनगणनेत ३० लाख, गांबियात २०२४ च्या गणनेत २४ लाखांच्या वर. आपल्याकडे जेवढ्याला एक कलेक्टर आणि एक झेडपी पुरते, तेवढ्यात तिकडे राष्ट्राध्यक्ष, संसद, लष्कर आणि स्वतःचं चलन, सगळा संसार मांडलेला आहे.

आकार मात्र विचित्र आहे. गांबिया नदीच्या दोन्ही काठांनी सव्वातीनशे किलोमीटर आत गेलेली एक पट्टी, रुंदी जास्तीत जास्त सातारा ते कराड एवढी. तिन्ही बाजूंनी सेनेगल, चौथ्या बाजूला समुद्र. १८८९ मध्ये इंग्रज आणि फ्रेंचांनी टेबलावर बसून ही वाटणी केली. इंग्रजांना नदी हवी होती, नदीकाठच्या माणसांचं कुणाला पडलं नव्हतं. १८ फेब्रुवारी १९६५ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा हाती काय होतं, तर भुईमूग. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथली निर्यात म्हणजे शेंगाच. कोरेगाव-खटावकडच्या माणसाला एका पिकावर, तेही पावसाच्या भरवशावर जगणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

या देशाचं नाव बातम्यांत येतं ते बहुतेक वेळा मानव विकास निर्देशांकाच्या यादीत, तळाकडच्या भागात. २०२२ च्या आकड्यांवर काढलेल्या यादीत गांबिया ०.४९५ गुणांनी १७४ वा, भारत ०.६४४ ने १३४ वा; एकूण देश १९३. पण हे ०.४९५ येतं कुठून, हे सहसा कुणी मांडून दाखवत नाही. हिशोब वहीत बसेल एवढाच आहे. गांबियाचे आकडे ढोबळ धरू: सरासरी आयुर्मान ६३ वर्षं, शाळेत घालवायची अपेक्षित वर्षं ९, मोठ्यांनी प्रत्यक्षात घेतलेलं शिक्षण साडेचार वर्षं, दरडोई उत्पन्न २,१०० डॉलर (तेही तिथल्या किमतींशी जुळवून घेतलेलं).

आयुर्मानाची फूटपट्टी २० ते ८५. म्हणजे ६३ वजा २०, भागिले ६५: ०.६६. शिक्षणाचे दोन भाग. अपेक्षित ९ भागिले १८ म्हणजे ०.५०, मिळालेली ४.५ भागिले १५ म्हणजे ०.३०, दोघांची सरासरी ०.४०. उत्पन्नाची पट्टी १०० ते ७५,००० डॉलर, पण लॉगॅरिथम घेऊन, कारण गरिबाच्या हातातल्या शंभर डॉलरना श्रीमंताच्या शंभरापेक्षा जास्त किंमत दिलेली आहे. ते येतं ०.४६. आता तिन्हींचा गुणाकार करून घनमूळ काढा: ०.४९५ च्या आसपास येतं. साधी बेरीज न करता घनमूळ का? एक विषय चांगला जमला म्हणून दुसऱ्यातलं नापासपण झाकलं जाऊ नये यासाठी. आणि गांबियाला खाली ओढणारा विषय शिक्षण आहे, हे या तीन आकड्यांकडे बघितलं की लगेच कळतं.

त्यातही खरी गोम ०.५० आणि ०.३० मधल्या फरकात आहे. पहिला आकडा आजच्या लहान मुलांचा. शाळा काढल्या, फी माफ केली, की तो दोन-चार वर्षांत वर सरकतो. दुसरा पंचवीस वर्षांवरच्या लोकांचा. आज पहिलीत बसलेलं मूल त्या हिशोबात यायला अठरा-एकोणीस वर्षं लागतात. तेव्हा ‘एवढा पैसा ओतला तरी यादीत वर का येत नाही’ हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी कोणता आकडा कोणाचा ते बघावं.

पहिल्या आकड्यावर गांबियाने काम केलेलं आहे, हे मान्य करायला हवं. तिथली रचना सहा अधिक तीन अधिक तीन वर्षांची. २०१३ पासून पहिल्या सहा इयत्तांची, मग एकेका वर्षाच्या अंतराने पुढच्या दोन टप्प्यांची फी बंद करून शाळांना थेट अनुदान सुरू झालं. मुलींसाठी शिष्यवृत्त्या त्याआधीच होत्या, गावोगाव आयांचे गट काढून शाळेशी जोडले गेले. आता खालच्या वर्गांत मुलग्यांपेक्षा मुली जास्त आहेत. वरच्या वर्गांत लग्न आणि बाळंतपण आडवं येतं. अठराच्या आतल्या लग्नावर २०१६ पासून कायद्याने बंदी आहे. बंदीची अंमलबजावणी कशी होते, हे बालविवाहाच्या बाबतीत आपल्याला तोंडपाठ आहे.

म्हणजे मूल शाळेत पोचलं. पुढे काय होतं ते एका मिनिटात मोजता येतं, आणि हे मोजमाप तिथे २००७ पासून झालेलं आहे.

पद्धत अशी. मूल एकटं, समोर एक तपासनीस, मध्ये एक कागद. कागदावर शंभर अक्षरं, दहाच्या दहा ओळी, मोठी-छोटी अक्षरं मिसळलेली. घड्याळ सुरू. मूल बोट ठेवून वाचतं, तपासनीस आपल्या प्रतीवर चुकलेल्यावर रेघ मारतो. तीन सेकंदांत अक्षर आलं नाही तर पुढचं दाखवायचं. साठ सेकंद झाले की जिथे बोट असेल तिथे कंस. पहिल्या ओळीतली दहाही अक्षरं चुकली तर तिथेच थांबायचं आणि मुलाला शाबासकी देऊन पुढच्या भागाकडे न्यायचं, कारण उगाच रडवण्यात अर्थ नाही. मग पन्नास सोपे शब्द, मग पन्नास निरर्थक शब्द. हे निरर्थक शब्द फार कामाचे असतात: पाठ केलेलं मूल तिथे अडकतं, अक्षरं जोडता येणारं मूल अडकत नाही. शेवटी साठेक शब्दांची गोष्ट आणि तिच्यावर पाच प्रश्न. आपल्याकडच्या अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या चाचणीची ही बहीणच, फक्त जास्त तपशिलाची.

गांबियात पहिली ते तिसरीच्या मुलांचा मोठा हिस्सा या कागदावरचा एकही इंग्रजी शब्द वाचू शकला नाही. त्यातली काही तर तीन वर्षं शाळेत येऊन.

कारणांत पहिलं नाव भाषेचं. घरात मंडिंका, फुला, वोलोफ, जोला नाहीतर सेराहुले; शाळेत इंग्रजी. मंडिंकात शाळेला करानबुंगो म्हणतात, म्हणजे वाचायचं घर. या भाषेतलं अक्षर एकतर स्वरावर संपतं नाहीतर अनुनासिकावर. त्यामुळे ‘डेस्क’, ‘मिल्क’ असे शब्द जिभेवर मोडतात आणि मूल मध्ये-शेवटी स्वर घालून ते आपलेसे करतं, जसं आपण स्कूलचं इस्कूल केलं. त्यात एक अक्षर बघा. मंडिंका रोमन लिपीत लिहिताना ‘सी’ या अक्षराचा उच्चार नेहमी च. इंग्रजीत तेच अक्षर ‘कॅट’मध्ये क, ‘सिटी’त स, पुढे ‘एच’ आला तर च. आपल्या चमच्यातला च आणि चहातला च वेगळा आहे हे मराठी पोराला कुणी शिकवावं लागत नाही, कारण दोन्ही शब्द त्याने अक्षर ओळखण्याआधी हजार वेळा ऐकलेले असतात. गांबियातल्या खेड्यातल्या मुलाने ‘सिटी’ हा शब्द ऐकलेलाच नसतो. ते आवाज जोडून शब्दापर्यंत पोचलं तरी तो बरोबर आहे की नाही हे ताडायला डोक्यात काहीच नसतं.

म्हणून २०११ पासून पाच देशी भाषांत आधी वाचायला शिकवायचा प्रयोग सुरू झाला. विचार बरोबर, अडचणी हाताशी. सेरेकुंडासारख्या दाट वस्तीत एका वर्गात चार भाषांची मुलं असतात. शिक्षकाची नेमणूक भाषा बघून होत नाही. जोला बोलणारा शिक्षक सेराहुले गावात जातो. आणि पालकांना हे नको असतं: घरी येणारी भाषा शिकायला शाळेत कशाला पाठवायचं? हसू नका. आपल्या गावातल्या झेडपीच्या शाळेने पट टिकवण्यासाठी ‘सेमी इंग्रजी’चा बोर्ड का लावला, त्याचं उत्तर हेच आहे.

दुसरं कारण शिक्षक. प्रशिक्षित शिक्षक किनाऱ्याकडे, म्हणजे बांजुल-सेरेकुंडा-ब्रिकामाच्या पट्ट्यात राहू बघतो. आतल्या भागात जायला नको म्हणतो. २००६ मध्ये सरकारने दुर्गम भत्ता काढला: मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या शाळेत गेलं तर मूळ पगाराच्या ३० ते ४० टक्के जास्त. आपल्याकडे बदल्यांमध्ये सुगम-दुर्गमवरून जे रामायण होतं ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या तीन किलोमीटरची गंमत कळेल. २.९ वाल्याला काही नाही, ३.१ वाल्याला चाळीस टक्क्यांपर्यंत. पण अशा कडक रेघेचा एक फायदा असतो: रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शाळांची तुलना करता येते. अर्थशास्त्रज्ञांनी ती केली. भत्त्यामुळे अशा शाळांत प्रशिक्षित शिक्षकांचं प्रमाण सुमारे दहा टक्केबिंदूंनी (समजा पन्नासचे साठ टक्के) वाढलं, भत्त्याने आपलं काम केलं. मुलांचे सरासरी गुण मात्र जिथल्या तिथे. सरासरीच्या पोटात शिरल्यावर दिसलं ते आणखी अडचणीचं: वरची मुलं पुढे गेली, खालची मागे पडली. माझ्या मते याचा अर्थ लावायला फार लांब जावं लागत नाही. प्रशिक्षित शिक्षक अभ्यासक्रम पुरा करतो. अभ्यासक्रम तिसरीचा आणि मूल अजून अक्षरापाशी, तर जितकी शिस्त जास्त तितकं ते मूल लवकर सुटतं.

तिसरा प्रयोग गावाला हाताशी धरण्याचा. २७३ शाळांचे तीन गट पाडले. एका गटाला मुख्याध्यापक, शिक्षक आणि गावकरी अशा सगळ्यांना शाळा चालवण्याचं प्रशिक्षण आणि सोबत ५०० डॉलर. दुसऱ्याला नुसते ५०० डॉलर. तिसऱ्याला काही नाही. चार वर्षांनी मोजलं. प्रशिक्षणाच्या गटात मुलांची गैरहजेरी जवळजवळ पाच टक्केबिंदूंनी आणि शिक्षकांची तीनच्या आसपास कमी झाली. नुसत्या पैशाने काहीच हललं नाही. आणि गुण? सरासरीने इथेही वाढले नाहीत. पण निकाल गावागावाने वेगळा काढला तेव्हा एक गोष्ट वर आली: जिथे मोठ्या माणसांची साक्षरता मुळात जास्त होती, साधारण ४५ टक्क्यांच्या वर, तिथे या प्रशिक्षणाने मुलांचं शिकणं वाढण्याची चिन्हं होती. त्याखाली नाही.

आता याचं आश्चर्य कशाला? शाळा समितीच्या बैठकीत हिशोबाचा कागद फिरतो आणि सातांपैकी पाच जण तो उलटा-सुलटा बघून पुढे देतात, तर ती समिती मास्तरला कसला जाब विचारणार. मुलाच्या वहीत आठवडाभर काही लिहिलेलं नाही हे दिसायलाही वही वाचता यावी लागते.

इथे साताऱ्याची आठवण येते ती उगाच नाही. १९५९ मध्ये, महाराष्ट्र राज्य होण्याच्या आदल्या वर्षी, याच जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. लक्ष्य होतं मोठ्या माणसांचं: चौदा ते पन्नास वयाचे, चार महिन्यांचा वर्ग, गावातलाच शिकलेला माणूस शिकवायला. आख्खं गाव एकदम धरायचं, ग्रामदेवतेसमोर शपथ घ्यायची, आणि सगळे साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ. पुढे ती राज्यभर गेली. त्यातले बरेच जण नंतर वाचायचं विसरले, हेही खरं. सराव नसेल तर चार महिन्यांचं शिक्षण टिकत नाही. पण क्रम बघा. कर्मवीरांनी १९१९ मध्ये काल्याला रयत काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग, १९३५ मध्ये खेड्यासाठी शिक्षक घडवणारं ट्रेनिंग कॉलेज, आणि गावोगावच्या व्हॉलंटरी शाळांचं जाळं त्याच्यानंतर. आधी गावात टिकेल असा मास्तर, मग शाळा. गांबियात १९९० नंतर मदतीच्या पैशावर घाईघाईने इमारती उभ्या राहिल्या, मास्तर ब्रिकामाच्या गांबिया कॉलेजातून जमेल तसे निघत राहिले.

‘निरक्षर’ हा शब्दही तिथे जपून वापरावा. घरोघरची मुलं कुराणशाळेत जातात, लाकडी पाटीवर बोरूने अरबी लिहितात. याच लिपीत मंडिंका लिहायची जुनी रीत आहे, तिला अजमी म्हणतात. ज्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही असा म्हातारा उधारीची नोंद अजमीत व्यवस्थित ठेवत असतो. बापाला धर्माचं शिक्षण महत्त्वाचं वाटतं आणि ते फुकटात मिळतं; सरकारी शाळेत दहा वर्षं घालवून नोकरी नाही, हेही त्याने शेजारी बघितलेलं असतं. दुसरी बाजू अशी की काही गुरूंकडची मुलं, ज्यांना अल्मुडू म्हणतात, डबे घेऊन रस्त्यावर भीक मागतात. मदरशांना इंग्रजीचे शिक्षक देणं हा सरकारने धरलेला मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. या शाळा बंद पाडायला गेलात तर मुलं सरकारी शाळेत येणार नाहीत, फक्त नजरेआड होतील.

मग ऋतू. पाऊस एकच, जून ते ऑक्टोबर. उन्हाळी सुट्टी पेरणी-खुरपणीला सापडते हे ठीक, पण शाळा सप्टेंबरात उघडते आणि शेंगा उपटायचं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपली दिवाळीची सुट्टी सुगीच्या तोंडावर येते, तिथे ती सोय नाही. थोरला मुलगा उशिरा शाळेत येतो, आणि अक्षरांचा पहिला महिना ज्याचा बुडाला त्याचं वर्ष बुडालं. आपल्या कारखान्यांच्या फडावर आलेल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांचं नेमकं हेच होतं, म्हणून साखरशाळा निघाल्या.

जुलै ते सप्टेंबर कणग्या रिकाम्या असतात. त्याला तिकडे उपासमारीचा हंगामच म्हणतात. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेचं केंद्र गांबियात १९४७ पासून आहे आणि केनेबा गावाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यांनी दशकानुदशकं ठेवल्या. त्यातून १९९७ मध्ये एक गोष्ट पुढे आली: उपासमारीच्या हंगामात जन्मलेली माणसं तरुणपणी, पंधरा वर्षांनंतर, जास्त संख्येने मरतात. पोटातल्या बाळाला जे मिळालं नाही त्याची भरपाई नंतरच्या सुगीने होत नाही.

तरीही आरोग्यात गांबियाने शिक्षणापेक्षा कितीतरी लवकर मजल मारली. मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणाऱ्या हिब जंतूची लस १९९७ मध्ये नियमित झाली आणि पाच-सहा वर्षांत तो आजार जवळपास दिसेनासा झाला. लस एका सकाळी टोचून होते, आईला वाचता आलं नाही तरी काम करते. वाचन असं टोचता येत नाही. मात्र व्यवस्था किती पातळ आहे हे २०२२ मध्ये कळलं, जेव्हा भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधांशी जोडलेल्या मूत्रपिंडाच्या बिघाडाने सत्तरच्या आसपास मुलं दगावली. औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रावक होतं. औषधाची प्रत तपासायला देशात प्रयोगशाळाच नव्हती, नमुने बाहेर पाठवावे लागले. या प्रकरणात आपल्याला मान खाली घालावी लागते.

आता कशाचा उपयोग झाला ते. काही खेड्यांत शाळा सुटल्यावर जादा वर्ग घेतले. शिकवणारे गावाजवळचे, पूर्ण प्रशिक्षण नसलेले. पण रोजचा पाठ शब्दन्‌शब्द लिहून दिलेला: काय बोलायचं, काय फळ्यावर लिहायचं, मुलांकडून काय वदवून घ्यायचं. आणि वर्गात वारंवार येऊन बसणारा, चुका दुरुस्त करणारा मार्गदर्शक. तीन वर्षांनी वाचन आणि गणिताच्या एकत्र चाचणीत या मुलांचे गुण इतर गावांतल्या मुलांपेक्षा ४६ टक्केबिंदूंनी जास्त आले. शिक्षणाच्या प्रयोगांत एवढा फरक सहसा बघायला मिळत नाही. याच धर्तीचा प्रयोग आधी आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत झाला होता, म्हणजे ही कल्पना आपल्याकडून तिकडे गेलेली आहे. लिहून दिलेला पाठ म्हटला की आपले शिक्षक नाक मुरडतात, आणि चांगल्या शिक्षकाला तो काचतोच. पण ज्याला स्वतःला इंग्रजीचा धड वाक्यप्रयोग येत नाही त्याला तो काठीसारखा उपयोगी पडतो. त्यातलं एकच काही उचललं, नुसती पुस्तिका वाटली आणि भेट देणारा माणूस काढून टाकला, तर हा निकाल येईल असं समजायला काही आधार नाही. खर्च वाचवायचा म्हणून पहिल्यांदा कापला जातो तो हा भेट देणारा माणूसच.

शाळेतून गळालेला मुलगा कुठे जातो? ‘बॅकवे’ने, म्हणजे युरोपला जायच्या चोरवाटेने. सहारा ओलांडून लिबिया, तिथून बोटीने इटली; नाहीतर थेट अटलांटिकमधून बोटीने. डिसेंबर २०१९ मध्ये गांबियातून निघालेली बोट मॉरिटानियाच्या किनाऱ्यापाशी बुडाली, साठच्या आसपास लोक गेले. तरी जाणं थांबत नाही, कारण परदेशातून येणारा पैसा देशाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याच्या घरात आहे. विटा-खानापूरकडची गलाईवाल्यांची, म्हणजे परराज्यांत सोनं-चांदी गाळायला गेलेल्यांची गावं ज्यांनी बघितली आहेत त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल: दुष्काळी शिवार, मधोमध बाहेरच्या पैशाचा सिमेंटचा बंगला, आणि त्याच पैशाने बांधलेली शाळेची खोली. त्या खोलीत बसलेल्या मुलासमोर उदाहरण मात्र बंगल्याचं असतं.

२०११ मध्ये आपल्या भाषेत पहिली अक्षरं गिरवलेली सात वर्षांची मुलं २०२९ मध्ये पंचविशी गाठतील. निर्देशांकातल्या त्या ०.३० च्या रकान्यात त्यांची पहिली मोजणी तेव्हा होईल.